गुडघ्याची कैफियत

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसर तालुक्यात, जेथे धानाच्या बांध्या संपत येतात, सातपुड्याच्या पायथ्याचे रान सुरू होते आणि मध्य प्रदेशाची हद्द फार दूर राहत नाही, त्या नाकाडोंगरीच्या मुलखात वर्षाचे दोन भाग पडतात असे म्हटले तरी चालेल. एक चिखलाचा आणि दुसरा मातीचा. आषाढात पोटरीभर चिखलात उभे राहून जी माणसे रोवणी करतात, तीच माणसे धान कापून झाल्यावर, दिवाळी उलटून मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस आले म्हणजे, चुन्याच्या रेषा आखलेल्या कबड्डीच्या पटांगणाभोवती गोळा होतात, आणि चढाईला गेलेला एखादा पोरगा बोनस रेषेपाशी पाय टाकून परत वळत असताना कोपऱ्यातला गडी त्याचा घोटा धरतो. पाय जमिनीला खिळलेला, धड मध्यरेषेकडे वळलेले, आणि या दोहोंच्या कात्रीत सापडलेला गुडघा ज्या दिशेने वळण्यासाठी घडलेलाच नाही त्या दिशेने वळतो. सामना थांबतो. एक जण म्हणतो, मुका मार आहे, चालता करा. दुसरा गरम विटेचा शेक सुचवितो. तिसऱ्याला एक हाडवैद्य ठाऊक असतो. चौथा नागपुरास नेऊन एमआरआय काढण्याची तजवीज सांगू लागतो. आणि ज्याचा गुडघा आहे त्याला मात्र कोणी काही विचारीत नाही.

या न विचारण्यातच बहुतेक घोटाळ्यांचे मूळ आहे, असे माझे मत आहे. किरकोळ दुखापतीनंतरच्या गुडघेदुखीचा साकल्याने विचार करू लागले म्हणजे असे दिसून येते की, तिच्यावर ज्या गोष्टींचा सर्वाधिक उपयोग होतो त्या नाकाडोंगरीसारख्या गावातही मिळण्याजोग्या आहेत. जे तेथे मिळत नाही ते थोड्याच रुग्णांना लागते. आणि हे थोडे रुग्ण कोणते, याचा निवाडा यंत्रापेक्षा दुखापतीच्या कैफियतीवरून अधिक खात्रीने होतो.

प्रथम गुडघ्याची रचना. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड ही दोन एकमेकांवर टेकलेली असली तरी त्यांचे आकार एकमेकांत बसणारे नाहीत; वरच्या हाडाची दोन गोलसर टोके खालच्या जवळजवळ सपाट पृष्ठावर उभी असतात, आणि ही गैरसोय भरून काढण्याकरिता निसर्गाने मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चा घातल्या आहेत, ज्यांना आपण बोलीत गादी म्हणतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंस एकेक बंध, आत परस्परांना छेदून जाणारे दोन स्वस्तिक बंध, आणि समोर मांडीच्या स्नायूच्या कंडरेत बसविलेली वाटी, एवढ्या सामग्रीवर हा सांधा स्थिर राहतो. खुब्याला जशी उखळीची खोली लाभली आहे तशी गुडघ्याला लाभलेली नाही. तो मुख्यतः बंधांच्या आणि स्नायूंच्या भरवशावर उभा आहे, आणि त्यांपैकी बंध आपल्याला वाढविता येत नसले तरी स्नायू वाढविता येतात, या एका गोष्टीवर पुढचा सारा इलाज अवलंबून आहे.

हा सांधा घातकी आहे हे प्राचीनांना ठाऊक होते. सुश्रुताने शरीरातील 107 मर्मे सांगितली, त्यांत जानु म्हणजे गुडघा हे वैकल्यकर मर्म मानले, म्हणजे ज्याला इजा झाल्यास प्राण जात नाही पण पंगुत्व येते असे. कोल्ह्याच्या मस्तकासारखा सुजलेला गुडघा पाहून त्याला क्रोष्टुकशीर्ष हे नाव ज्यांनी दिले त्यांची निरीक्षणशक्ती किती तीक्ष्ण असली पाहिजे, हे ज्याने रक्ताने भरलेला गुडघा आणि त्याच्या वरखाली बारीक झालेले पाय एकदा पाहिले आहेत त्यालाच कळेल.

आता कैफियत. पहिला प्रश्न असा की, दुखापतीच्या क्षणी आतून ‘कट्’ असा आवाज आला किंवा काही तुटल्यासारखे जाणवले काय, आणि खेळाडू पुढे खेळू शकला काय. दुसरा प्रश्न सुजेचा. सूज आली काय, एवढेच नव्हे तर ती केव्हा आली. दोन-तीन तासांच्या आत गुडघा तट्ट फुगला तर आत रक्त साचले असल्याचा संशय बळावतो, आणि तरुण खेळाडूच्या सांध्यात असे रक्त साचते तेव्हा पुढचा स्वस्तिक बंध तुटलेला असण्याची शक्यता निम्म्याहून बरीच अधिक असते. उलट रात्र उलटल्यावर, सकाळी उठून पाहावे तो गुडघा जड झालेला, अशी सूज असेल तर ती बहुधा सांध्याच्या अस्तराने स्रवलेल्या पाण्याची असते आणि तिच्यामागे गादीची किंवा अस्तराची इजा संभवते. तिसरा प्रश्न, गुडघा मध्येच अडकतो काय. दुखण्यामुळे वाकवत नाही ही गोष्ट वेगळी आणि दारात खडा अडकावा तसा तो एका विशिष्ट कोनात येऊन अडतो व सरळ होतच नाही ही गोष्ट वेगळी. चौथा, चालताना किंवा वळताना तो अचानक दगा देतो काय. ‘सटकते’ हा शब्द आपल्या मुलांच्या तोंडी येतो तो येथेच, आणि तो हलक्याने घेण्याजोगा नाही.

हाड मोडले आहे किंवा नाही याविषयी 1995 साली कॅनडातील ओटावा येथील वैद्यांनी एक साधा नियम प्रसिद्ध केला, जो आज जगभर मानला जातो. वय 55 किंवा त्याहून अधिक असणे, केवळ वाटीवर दाबताच दुखणे, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस पोटरीच्या बारीक हाडाच्या डोक्यावर दुखणे, गुडघा काटकोनापर्यंत न वाकणे, आणि दुखापतीनंतर लगेच व तपासणीच्या वेळीही, लंगडत का होईना, चार पावले टाकता न येणे, यांपैकी एकही गोष्ट आढळली तर क्ष-किरण चित्र काढावे. एकही आढळली नाही तर काढण्याचे सहसा कारण नाही. या नियमाला वीज लागत नाही आणि बोटांखेरीज कोणतेही उपकरण लागत नाही. तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयाची वाट कोणी धरावी आणि कोणी घरी राहावे, याचा पुष्कळसा निकाल पटांगणावरच लागू शकतो.

काही खुणा मात्र अशा आहेत की त्यांच्यापुढे नियम, विचार आणि उद्याची वाट पाहणे हे सर्व बाजूला ठेवावे. गुडघा जागेवरून सरकून पाय वाकडा दिसत असेल, पाऊल थंड किंवा बधिर पडले असेल, तर गुडघ्यामागची रक्तवाहिनी दुखावली असण्याचा संभव असतो आणि तेथे हिशेब दिवसांचा नसून तासांचा आहे. ताप येऊन गुडघा लाल व गरम झाला असेल तर आत पू झाल्याची भीती असते. तोही त्याच दिवशी रुग्णालयात न्यावा.

चित्राविषयी, म्हणजे एमआरआयविषयी, आपल्या मध्यमवर्गात जी श्रद्धा निर्माण झाली आहे तिची थोडी झडती घेणे भाग आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी, सरसकट निवडलेल्या 991 प्रौढांच्या गुडघ्यांची अशी चित्रे काढली गेली आणि त्यांचा वृत्तांत 2008 साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या गाद्या फाटलेल्या आढळल्या त्यांच्यापैकी 61 टक्के माणसांना महिनाभरात गुडघ्याची काही तक्रारच नव्हती. म्हणजे पन्नाशीच्या गृहस्थाच्या गुडघ्यात फाटलेली गादी सापडणे हे पुष्कळदा त्याच्या केसांत पांढरा केस सापडण्यासारखे आहे. पण कागदावर ‘फाटली’ हा शब्द एकदा उमटला की तो माणूस पायरी उतरताना कठड्याला धरू लागतो, आणि घरातील सर्वांची मुद्रा पालटते. विशीतल्या खेळाडूच्या बाबतीत, विशेषतः गुडघा अडकत किंवा सटकत असेल तेव्हा, हेच चित्र अत्यंत उपयुक्त ठरते. चित्र वाईट नव्हे; ज्याला प्रश्न विचारलेला नाही त्याचे उत्तर आणण्यासाठी पैसे खर्चणे वाईट.

शस्त्रक्रियेचा इतिहास याहून बोधप्रद आहे. फाटलेली गादी शिवण्याची पहिली नमूद शस्त्रक्रिया 1883 साली एडिंबरोच्या टॉमस अ‍ॅनंडेल याने केली, आणि तिचा रुग्ण कोणी खेळाडू नसून खाणीतला मजूर होता. नाकाडोंगरीच्या वाचकाला याचे नवल वाटणार नाही. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथील मँगनीजच्या खाणी त्याच तालुक्यातल्या आहेत, आणि उकिडवे बसून, वळून, ओझे उचलून राबणाऱ्याच्या गुडघ्यावर काय प्रसंग येतो हे तेथील घराघरांना ठाऊक आहे. पण शिवण्याचा हा शहाणपणा पुढे कित्येक दशके मागे पडला; गादी म्हणजे निरुपयोगी अवशेष, ती दुखू लागली की समूळ काढून टाकावी, असा रिवाज पडला, आणि 1948 साली फेअरबँक नावाच्या इंग्रज शल्यविशारदाने गादी काढलेल्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे तपासून त्यांत झिजेची चिन्हे कशी उमटतात हे दाखवीपर्यंत त्याविषयी फारशी शंकाही कोणी घेतली नाही. 1962 साली टोकियोच्या मासाकी वातानाबे यांनी दुर्बिणीतून गादीचा केवळ फाटका तुकडा काढून दाखविला, आणि भोके लहान झाल्याबरोबर शस्त्रक्रिया करण्याचा मोह मोठा झाला.

त्या मोहाला वेसण घालणारे दोन प्रयोग प्रसिद्ध आहेत. 2002 साली ह्यूस्टन येथे झिजेने दुखणाऱ्या गुडघ्यांच्या 180 रुग्णांपैकी काहींवर दुर्बिणीची खरी शस्त्रक्रिया केली आणि काहींच्या कातडीला नुसते छेद देऊन ते शिवून टाकले. दोन वर्षांच्या अखेरीस दोहोंच्या दुखण्यात फरक दिसला नाही. 2013 साली फिनलंडमध्ये, वयोमानाने फाटलेल्या गादीच्या 146 रुग्णांवर असाच प्रयोग झाला आणि वर्षानंतर असाच निष्कर्ष निघाला. हे दोन्ही दाखले चाळिशी-पन्नाशीच्या झिजलेल्या गुडघ्यांचे आहेत, विशीतल्या ताज्या जखमेचे नव्हेत, हे ध्यानात ठेविले पाहिजे. ताज्या फाटीत, विशेषतः गादीच्या बाहेरील कडेला, जेथे रक्ताचा पुरवठा पोहोचतो, शिवणे अजूनही शहाणपणाचे ठरते, आणि अडकलेला गुडघा तर सोडवलाच पाहिजे.

तुटलेल्या स्वस्तिक बंधाचा प्रश्न याहून अवघड, कारण तेथे घाई आणि हयगय या दोहोंनाही किंमत पडते. स्वीडनमध्ये 121 तरुण, हिंडत्याफिरत्या रुग्णांचे दोन गट पाडले गेले. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया, दुसऱ्याला शिस्तीचा व्यायाम आणि गरज भासलीच तर मागाहून शस्त्रक्रिया करून घेण्याची मुभा. 2010 साली त्याचा वृत्तांत आला तेव्हा दोन वर्षांनी दोन्ही गटांची स्थिती सारखी होती, आणि दुसऱ्या गटातील 59 पैकी केवळ 23 जणांनी शस्त्रक्रिया मागितली होती. याचा अर्थ शस्त्रक्रिया व्यर्थ आहे असा नव्हे. ज्याला पुन्हा चढाईला जायचे आहे आणि ज्याचा गुडघा व्यायामानंतरही सटकतो, त्याने ती करून घ्यावी. पण जमीन गहाण टाकून आठवड्याच्या आत नागपूर गाठलेच पाहिजे, नाहीतर पाय जन्माचा गेला, असे जे भय घातले जाते त्याला या आकड्यांत आधार नाही. सूज उतरू देणे, गुडघा पूर्ण सरळ होऊ देणे आणि मांडीला बळ आणणे यांत गेलेले काही आठवडे, पुढे शस्त्रक्रिया ठरली तरी, वाया जात नाहीत.

बहुसंख्य गुडघे मात्र या पायरीपर्यंत येतच नाहीत. मुरगळ, मुका मार, बाजूच्या बंधाचा थोडा ताण, एवढ्यावर ते निभावते, आणि त्यांच्यासाठी पहिल्या दोन-तीन दिवसांत काय करावे याविषयीचे शास्त्रही स्थिर राहिलेले नाही. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची या चतुःसूत्रीला 1978 साली अमेरिकेचे गेब मर्किन यांनी प्रसिद्धी दिली, आणि त्याच मर्किन यांनी 2014 साली, बर्फ व संपूर्ण विश्रांती यांनी भरून येण्यास विलंबच होऊ शकतो, असे सांगून स्वतःचे मत पालटले. मत पालटण्याचा हा प्रामाणिकपणा वैद्यकात वारंवार आढळत नाही. आजचा मध्यम मार्ग असा की, दुखणे कमी करण्याकरिता फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावण्यास हरकत नाही. बर्फ नसल्यास माठाच्या पाण्यात भिजविलेले फडके चालेल. रुंद लवचीक पट्टी बांधावी, पण बोटे निळी पडतील इतकी आवळू नये. निजताना पाय उशीवर ठेवावा. आणि दोन-तीन दिवस सोडल्यास अंथरुणाला खिळू नये.

लेपाविषयी माझे कोणाशी भांडण नाही. आंबेहळद, रक्तचंदन, एरंडाचे पान यांनी आजीच्या हाताचा स्पर्श गुडघ्याला होतो आणि अपाय सहसा होत नाही. भांडण आहे ते पहिल्या दोन दिवसांतल्या जोरकस मालिशीशी, कारण जेथे आत रक्त झिरपत आहे तेथे रगडण्याने ते थांबण्यापेक्षा वाढण्याचाच संभव अधिक. आणि त्याहून मोठे भांडण आहे बांबूच्या कामट्या घालून करकचून बांधण्याशी, कारण तशा बांधणीखाली रक्तप्रवाह तुटून पाय गमावल्याची उदाहरणे वैद्यकाला नवी नाहीत. जिच्यात काय आहे हे देणाराही सांगत नाही अशी बाजारची पुडी घेऊन दुखणे एका रात्रीत पळाले तर आनंद मानण्यापूर्वी तीत स्टेरॉइड असल्याचा संशय धरावा.

मग खरा इलाज कोणता? सुजलेल्या गुडघ्याच्या मांडीचा पुढचा स्नायू, दुखणे असो वा नसो, आपोआप सुस्तावतो आणि काही दिवसांतच डोळ्यांना दिसेल इतका आटतो. स्नायू आटला की सांधा उघडा पडतो, उघडा पडला की दुखतो, आणि दुखतो म्हणून माणूस आणखी स्वस्थ बसतो. हे चक्र तोडण्यास गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो पाच-पाच मोजेपर्यंत दाबणे, पाय सरळ ठेवून वीतभर उचलणे, पुढे खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, त्यापुढे ओसरीच्या पायरीवर चढणे-उतरणे, एवढ्यापासून आरंभ करता येतो. व्यायाम करताना थोडे दुखले तर चालते. पण ते दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत टिकले किंवा सूज वाढली, तर काल मात्रा अधिक झाली असे समजून ती निम्मी करावी, बंद करू नये. प्रारंभीचे काही आठवडे उकिडवे बसणे टाळावे, कारण पूर्ण वाकलेल्या गुडघ्यात वाटीवर आणि गादीच्या मागच्या कडेवर सर्वांत अधिक दाब येतो. चुलीपुढे पाट घेऊन आणि शौचास खुर्चीची सोय करून हे साधता येते. पण मुलींच्या बाबतीत ते घरातल्यांना सांगावे लागते, ही खेदाची गोष्ट आहे. कबड्डी खेळणारी मुलगी लंगडत घरी आली की तिची दुखापत तिच्या खेळण्याची शिक्षा म्हणून मोजली जाते, आणि सारवण, पाणी, चूल यांतून तिला सुटी मिळत नाही. वास्तविक धावण्या-वळण्याच्या खेळांत मुलींचा स्वस्तिक बंध तुटण्याचे प्रमाण मुलांच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक आढळते.

पोलीस भरतीच्या मुलांची गोष्ट थोडी निराळी. 1600 मीटर धावण्याची चाचणी डोळ्यांपुढे ठेवून, जाहिरात निघाल्याबरोबर जी मुले पहाटे डांबरी सडकेवर एकदम रोज धावू लागतात, त्यांचा गुडघा वाटीभोवती दुखू लागतो आणि ती त्याचे खापर गतवर्षीच्या पडण्यावर फोडतात; परंतु ही एका क्षणाची दुखापत नसून महिन्याभराची आहे. अंतर एकदम न वाढविणे, एक दिवस आड धावणे, मांडी आणि नितंब यांचे स्नायू बळकट करणे, यांनी ती बहुधा आवरते.

येथवर आपण गृहीत धरले की दुखणे दुखापतीचेच आहे. पण मूल पडले आणि गुडघा दुखू लागला, यावरून पडल्यामुळेच दुखू लागला असे ठरत नाही. खेळणारे मूल दररोज कोठेतरी पडतच असते. पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि त्या विकारात हाडांचा रक्तपुरवठा तुंबून होणाऱ्या वेदना गुडघ्याभोवती आल्या म्हणजे त्या सहज मुरगळीवर ढकलल्या जातात. शिवाय त्याच विकारात खुब्याच्या हाडाचे डोके मृत होऊ लागते तेव्हा कळ पुष्कळदा खुब्यात न जाणवता गुडघ्यात जाणवते. म्हणून गुडघा दुखणाऱ्या मुलाचा खुबा फिरवून पाहिल्यावाचून तपासणी पुरी झाली असे समजू नये, आणि सिकलसेलची चाचणी झालेली नसेल तर ती करून घ्यावी. सांध्याचा क्षयही असाच मुरगळीच्या आड लपतो, महिनोन्महिने रेंगाळणारी सूज एवढेच त्याचे चिन्ह असते. वाढत्या वयातल्या हाडाचा कर्करोग तर गुडघ्याच्या वर आणि खालीच सर्वांत अधिक आढळतो. मुलाला रात्री झोपेतून उठविणारे दुखणे, विश्रांतीनेही न हटणारी कळ, सांध्याजवळ हाताला लागणारी घट्ट गाठ, यांपैकी काही असेल तर मालिश तत्काळ थांबवावी आणि क्ष-किरण चित्रास एक दिवसाचाही उशीर करू नये. नडगीच्या वरच्या टोकाशी, वाटीच्या खाली, खेळकर मुलांना जे टेंगूळ येते व धावताना दुखते, ते बहुधा वाढीबरोबर निवळणारे असते. परंतु हा निर्वाळा शेजाऱ्याने न देता वैद्याने द्यावा.

परतण्याची वेळ केव्हा आली हे ठरविणे संघनायकाच्या हाती देऊ नये, कारण त्याला सामना दिसत असतो. सूज नाही, गुडघा पूर्ण सरळ होतो आणि पूर्ण वाकतो, दुखऱ्या पायावर मारलेली उडी चांगल्या पायाच्या उडीच्या निदान नऊ-दशांश इतकी लांब जाते, आणि अचानक थांबून वळताना मन कचरत नाही, एवढे झाल्यावर प्रथम सराव, मग पकड, आणि शेवटी चढाई. बंधाची शस्त्रक्रिया झालेली असेल तर नऊ महिन्यांपूर्वी मैदानात उतरू नये. त्या मुदतीपर्यंत जितका विलंब होईल तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका घटतो, असा अनुभव नमूद आहे. फुटबॉलकरिता 2006 साली तयार झालेला ‘इलेव्हन प्लस’ हा वीस मिनिटांचा पूर्वव्यायाम, ज्यात उडी मारून गुडघे आत न झुकविता उतरण्याचा सराव करविला जातो, तो नियमित करणाऱ्या संघांत दुखापती लक्षणीय घटल्या. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिन येथे हुतुतू, म्हणजेच कबड्डी, करून दाखविला होता. तेव्हापासून आपण हा खेळ मातीवरून मॅटवर नेला, त्याला दूरचित्रवाणीवर नेला, पण गावच्या संघाला सामन्यापूर्वी वीस मिनिटे अंग मोकळे करण्याची सवय अजून लागली नाही.

आणि तरी या मुलखात पटांगणाच्याही आधी परतावे लागते ते बांधीत. हिवाळ्यात दुखावलेला गुडघा आषाढापर्यंत बरा झाला असे वाटते. मग रोवणीच्या दिवशी चिखलात पाय रुततो, मागे मागे सरकत धड वळते, आणि जे काम पटांगणावर प्रतिस्पर्ध्याच्या हाताने केले होते तेच येथे चिखल करतो. म्हणून पहिल्या दिवसांत अशा माणसाला पाट घेऊन पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटण्यास बसवावे, नंतर कडेच्या ओळीत रोवू द्यावे, पाय उचलून मग वळायचे हे त्याला बजावून सांगावे; आणि पऱ्ह्यांच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन ओल्या, निसरड्या बांधावरून चालण्याचे काम त्या हंगामापुरते दुसऱ्या कोणाकडे द्यावे.